जोडव्यांचा पत्रा

पत्रा कापायला मला कोणी शिकवले नाही. हे वाक्य मी जन्मभर छाती पुढे काढून बोललो. आता लिहायला बसलो तर हात भरून येतो, एक अक्षर दोन दिसते, आणि त्याच वाक्याचा कंटाळा येतो. तरी लिहितो. पंतोजींच्या शाळेत मी दोन पावसाळे काढले. तेवढ्यावर जमेल तेवढे जमेल.

आमचे घर कोपरीला, खाडीच्या अंगाला. बाप मिठागरात, थोरला भाऊ मिठागरात, मीही मिठागरात. पाऊस लागला की मीठ बंद आणि माणूस रिकामा. भावाला रिकामे बसता येई, मला येत नसे. जवानीत मी भरती बघून होडीने कल्याणला जायचो आणि एका तांबटाकडे भाता ओढायचो. असे चार पावसाळे गेले. तांबट कामाचा पक्का होता, पण हत्याराला हात लावू देईल तर शपथ. एकदा मी नुसती त्याची कातर उचलून बघितली.

"ठेव ती," तो म्हणाला. "तुझा हात मिठाचा. गंजेल."

"पुसून देतो की."

"हात पुसशील. अंगात मुरलेला खार कशाने पुसशील? भाता ओढ."

भात्याची जागा त्याच्या बरोबर समोर. मध्ये शेगडी, पलीकडे तो. त्याच्या कातरीचे खालचे पाते लाकडाच्या ओंडक्यात घट्ट रोवलेले होते, ते हलायचे नाही. वरच्या पात्याला लांब दांडा, तो उजव्या हाताने दाबायचा. पत्रा डाव्या हाताने आणि पायाच्या अंगठ्याने धरायचा. कातरीचा जबडा तो पुरता कधी मिटू देत नसे. टोकापाशी आली की थांबे, पत्रा पुढे सरकवी, मग परत दाबी. पुरती मिटली तर कडेवर दात उठतो, हे मला कोणी सांगितले नाही, मी बघितले. भाता ओढता ओढता सगळे समोरून बघून डोळ्यांत भरून घेतले.

पाचव्या वर्षी मी गेलो नाही. जुन्या बाजारातून एक मोडकी कातर आणली, तिला धार केली, परसात ओंडका पुरला आणि माझे मी सुरू केले. पुढे घासलेटचे डबे आले. रिकामा डबा उभा चिरायचा, उलगडायचा, की चांगला हातभर पत्रा मिळतो. त्यातून मी चिमणी-दिव्यांच्या टाक्या केल्या, केराच्या सुपल्या केल्या, झाकणे केली, कौलांखाली पन्हळी लावल्या. आमच्या आळीत माझ्या हातचा पत्रा नाही असे घर नव्हते. कापलेली कड जराशी वळायची, ती मी लाकडी हातोडीने ठोकून बसवायचो. वाटायचे, पत्र्याची जातच तशी. हत्यारांना रोज खोबरेल लावून ठेवायचो. तीस वर्षे झाली, एकही गंजले नाही. तांबट जिवंत असता तर नेऊन दाखवले असते.

थोरला भाऊ भाद्रपदात तापाने गेला. त्याची मुलगी लग्नाची ठरलेली होती. लग्न वर्षाच्या आत करायचे, नाहीतर तीन वर्षे थांबायचे. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते, म्हणून माघातली तीथ धरली. हळदीला तीन दिवस उरले असताना वैनी माझ्याकडे आली; घर एकच होते, चुली दोन. ओटीवर बसली नाही, दाराशी उभी राहिली.

"भावजी, हळदीच्या सांजेला धवलारीण गायला बसेल," ती म्हणाली. "देवांना बोलवेल, तुमच्या आजाला बोलवेल, मामंजींना बोलवेल. पोरीचा बाप तेवढा भायेर उभा राहील काय?"

आमच्या घरची रीत अशी, की देव्हाऱ्यात ज्याचा टाक बसला तो पितर. टाक म्हणजे दोन-तीन बोटांचा चांदीचा पत्रा, त्यावर माणसाची आकृती. लग्नाचे धवले गाणारी बाई देव्हाऱ्यातल्या टाकांकडे बघून एकेकाचे नाव घेते आणि त्याला मांडवात बोलावते. टाक नाही त्याचे नाव घेत नाहीत. भावाचा टाक करायचा राहून गेला होता. दोष माझाच. मीठ उघडले आणि मी कामाला लागलो.

वैनीने पदराची गाठ सोडली. आत तिची जोडवी होती.

"माझ्या पायाला आता काय कामाची? ह्याचाच करा. दुसरी चांदी मिसळू देऊ नका. आनि एक, घोड्यावर नको. आमच्या ह्यांनी जन्मात घोड्याला हात लावला नाय. पायानं चालले, पायीच असू देत."

मी दुसऱ्या दिवशी रुळांपलीकडे ठाण्याच्या बाजारात सोनाराकडे गेलो. लग्नसराई, दुकानात माणसे बसलेली. सोनार ओळखीचा, म्हणून त्याने तेवढा वेळ काढला. जोडवी मुशीत घातली तेव्हा मी समोरून हललो नाही. त्याने ती आटवली, ठोकली, पुन्हा तापवली, पुन्हा ठोकली. शेवटी तीन बोटे रुंद आणि चार बोटे उंच असा पत्रा झाला, विड्याच्या पानापेक्षा फारसा जाड नाही. मग त्याने फळीवरून ठसा काढला. ठशात माणूस घोड्यावर.

"शेट, पायी उभा पाहिजे."

"पुरुषाचा टाक घोड्यावरच असतो."

"आमच्या दादाने घोडा धरला नाही कधी."

"मग काय गाढवावर बसवू त्याला?" दुकानातली माणसे हसली. सोनारही हसला, पण पुढे जे बोलला ते मला अजून टोचते. "अरे, जन्मभर चिखलात उभाच होता ना तो? मेल्यावर तरी बसू दे की."

त्याचे बोलणे खोटे नव्हते. मी तेव्हाच हो म्हटले असते तर हे पान लिहायची वेळ आली नसती. पण माणसे हसली होती.

"वैनीने सांगितलंय, पायी."

"मग वैनीलाच काढायला सांग. माझ्याकडे साचा हा एक."

"पत्रा द्या इकडे. कापीन मी आणि काढीन पण मी."

"तू? घासलेटचे डबे कापणारा?"

"तोच."

त्याने पत्रा कागदात गुंडाळून दिला. "डबा कापताना ओरडतो, तेव्हा कळतं चुकलो म्हणून. चांदी ओरडत नाही रे बाबा, गुपचूप बिघडते. आणि बिघडली तर माझ्याकडे येऊ नको. पौर्णिमेपर्यंत मला मान वर करायला वेळ नाही."

हळद तिसऱ्या दिवशी होती.

घरी येऊन मी आधी डब्याच्या पत्र्यावर हात बसवला. परसात गोणपाट अंथरले, ओंडक्यापुढे बसलो आणि तीन-चार टाक डब्याचेच कापून बघितले. बाजू सरळ, डोके गोल, कुठे दात नाही. कड वळत होती ती ठोकून बसवली. घरातली म्हणाली, "झालं की. आता चांदीचा करा आणि आंघोळीला उठा." मी म्हणालो, उद्या सकाळी, उजेडात. डोळे तेव्हापासूनच दगा देऊ लागले होते, पण हे मी कोणाला सांगत नसे.

सकाळी देव्हाऱ्यातून बापाचा टाक मागून घेतला. मुलाचा टाक बापापेक्षा मोठा करत नाहीत. बापाचा टाक चांदीवर ठेवला आणि दाभणाने त्याच्या जरा आतून रेघ ओढली. पुढच्या अंगणात बायका जात्यावर हळद दळायला बसल्या होत्या. वैनी त्यांत नव्हती. मुलगी तिची, पण विधवेने हळदीला हात लावायचा नसतो, म्हणून ती मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती, माझ्या बरोबर समोर.

पहिली बाजू कापली. कातर कुठे पुरती मिटू दिली नाही, रेघ कुठे सोडली नाही. हात काढून बघतो तर टाकाची कड वाळल्या पानासारखी आत वळलेली. मी लाकडी हातोडीने ठोकली. डब्याचा पत्रा ठोकला की बसतो. चांदी बसली नाही, ती पसरली. कडेला लाटा आल्या, झालर लावल्यासारख्या. जेवढे ठोकावे तेवढ्या वाढल्या. शेवटी ती कड टाकून द्यावी लागली. दाभणाने आतून नवी रेघ ओढली, परत कापले. परत वळली.

"भावजी," वैनी सुपावरून मान न उचलता म्हणाली, "टाकायचा तुकडा सरळ पडतोय आनि ठेवायचा वळतोय."

"चांदी आहे ती. वळणारच."

"मग टाकायचा कसा नाय वळत? तो बी चांदीचाच हाय ना?"

"वैनी, तुम्ही तांदूळ बघा."

तिने तांदूळ बघितले. मी राग हातात घेऊन दुसरी बाजू कापायला घेतली. रागात दांडा जास्त दाबला गेला, पत्रा दोन पात्यांच्या मध्ये ओढला गेला आणि वरचा कोपरा फाटला. आवाजसुद्धा झाला नाही. सोनाराने सांगितले होते तसेच.

फाटलेला टाक पुजत नाहीत. आता फाटलेल्याच्या खालून नवीन डोके काढायचे, म्हणजे टाक आणखी आखूड. बापाच्या टाकाहून जरासा लहान काढायला निघालो होतो, आता अंगठा झाकेल एवढाच राहिला होता. बोट कापले होते, ते तोंडात धरून बसलो. वैनी उठून आत गेली. बरे वाटले, कोणी बघायला नको.

ती गेली त्या रिकाम्या दाराकडे बघत मी बसून होतो. ती जिथे बसली होती तिथून माझी कातर कशी दिसत असेल, असे काहीतरी मनात आले. काही ठरवून उठलो नाही. जाऊन तिच्या पाटावर बसलो. पाटावरून ओंडका बघितला, रोवलेले पाते बघितले, ते इथून माझ्या उजव्या हाताला होते.

मी तांबटाच्या समोर बसत होतो. तो ठेवायचा तुकडा आपल्या डाव्या हाताला ठेवी, रोवलेल्या पात्याच्या बाजूला. समोरून तो मला माझ्या उजव्या हाताला दिसे. मी घरी येऊन उजव्या हाताला ठेवू लागलो. रोवलेले पाते हलत नाही, त्यावर टेकलेली बाजू सपाट राहते. वरचे पाते ज्या बाजूला दाबून खाली जाते ती बाजू वळते, ती टाकून द्यायची असते. मी तीस वर्षे ठेवायचे ते दाबत होतो आणि टाकायचे ते जपत होतो. प्रत्येक चिमणी, प्रत्येक सुपली, प्रत्येक पन्हळ मी आधी वाकडी केली होती आणि मग ठोकून सरळ केली होती. लोक ठोकाठोकीचा आवाज ऐकून म्हणायचे, म्हातारा मेहनती आहे.

तांबटाला विचारले असते तर एका शब्दाचे काम होते. त्याने हात लावू दिला नाही, म्हणून मी विचारले नाही. माझी अढी आणि त्याची अढी. तो मरून गेला, माझी राहिली. आणि समोर बसून दोन घटकांत जे त्या बाईला दिसले ते मला ऐकून घ्यायचे नव्हते.

त्या दिवशी मी कातरीला पुन्हा हात लावला नाही. जेवलोही नाही. घरातलीने विचारले, झाला का, तर म्हणालो, उद्या. तिने बोटाला हळद लावून चिंधी बांधली.

हळदीच्या दिवशी सकाळी आळी जागी व्हायच्या आत परसात गेलो. उरलेला पत्रा उलट फिरवला. ठेवायची बाजू रोवलेल्या पात्यावर, डाव्या हाताला. हात ऐकेना. तीस वर्षांची सवय, अंगठा आपोआप दुसरीकडे जाई. परक्याच्या हाताने कापत असल्यासारखे मी कापले, मुंगीच्या पावलाने. टाकायची पट्टी वळून खाली पडली. टाकाची कड सरळ राहिली, बोट फिरवले तर बोचली नाही. ठोकायला काही नव्हतेच. डोके गोल करताना पत्रा जरा जरा फिरवला, एकेका वेळी तांदळाच्या दाण्याएवढेच दाबले. मग कानशीचे दोन हात. झाला.

झाला तो अंगठ्याच्या पेराएवढा. एवढ्याशा पत्र्यावर माणूस काय काढणार? बोथट खिळ्याने मागून दोन पाय दाबले, वर अंग, डोके, आणि हातात एक उभा दांडा. दांडा मिठाच्या फावड्याचा आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. पण घोडा नाही. पायी आहे.

वैनीला दिला. तिने तळहातावर घेतला, उजेडाकडे नेला, बोटाने पाय चाचपले. मी मनात सगळी उत्तरे तयार करून उभा होतो, लहान का, वाकडा का, सोनाराला का नाही दिला. तिने त्यातले काही विचारले नाही.

"बाकीचं कुठं हाय?"

"बाकीचं काय?"

"तीन बोटांचा पत्रा होता म्हणालात. हा एवढा. उरलेली जोडवी कुठं?"

"कातरण पडली आहे परसात."

"ती बी माझ्या पायातलीच ना?" मग जरा थांबून म्हणाली, "सांजेला मांडवभर माणसं फिरतील, केर निघंल. पायाखाली नको यायला."

टाक देव्हाऱ्यात गेला. बापाच्या शेजारी बसला, सगळ्यांत लहान. घरचा थोरला मुलगा आणि सगळ्यांत लहान. मी परसात गेलो आणि गोणपाटापुढे बसलो.

डब्याचे तुकडे कापून हात बसवला तो याच गोणपाटावर. चांदी कापली ती याच गोणपाटावर. एवढ्या वर्षांत मी कधी कातरण निराळी ठेवली नव्हती, डब्याची कातरण कोण मोजतो? आता दोन्ही एकात एक पडलेले, नखाएवढे, केसाएवढे, गोणपाटाच्या विणीत अडकलेले. दोन्ही चमकतात. माझ्या डोळ्यांना दोन्ही एकच. म्हणून एकेक उचलून बोटांत वाकवून बघू लागलो. डब्याचा तुकडा वाकवला की उलटून परत सरळ होतो आणि बोचतो. चांदी वाकते ती वाकूनच राहते. असे एकेक. चांदी वाटीत, पत्रा मातीत.

पुढे मांडवात गडबड सुरू होती. दोनदा बोलावणे आले, मी गेलो नाही. दुपार कलली तेव्हा वैनी मागच्या दाराने आली आणि गोणपाटाच्या दुसऱ्या बाजूला बसली.

"तुम्ही नका," मी म्हणालो. "हात कापतील. पत्रा आहे त्यात."

"तुमचे कापले तेवढे पुरे नाय काय झाले?"

"उद्या पोरीचं लग्न. तिथे बसा जाऊन."

"हळद लागतेय भावजी. मी तिथं बसून काय करू?"

ती निवडू लागली. तिला वाकवून बघायची गरज पडत नव्हती, नुसते बोट लावून कळत होते. मी एक निवडीपर्यंत तिची तीन होत.

"काल तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं," मी शेवटी म्हणालो. हे एवढे बोलायला मला सबंध दुपार लागली.

"कवा?"

"टाकायचा सरळ आणि ठेवायचा वाकडा."

"हां, ते," ती म्हणाली. "समोरून दिसत होतं म्हणून बोलले." आणि वाटी माझ्याकडून आपल्याकडे सरकवून घेतली.

दिवस मावळतीला आला तेव्हा धवलारीण गायला बसली. तिचा आवाज घरातून झिरपत मागे येत होता. आधी देव आले. मग आजाचे नाव आले, मग आजीचे, मग माझ्या बापाचे. वैनीची बोटे थांबली नाहीत. मला मात्र पुढचा तुकडा उचलता येईना. मनात म्हणत होतो, बाईचे डोळे चांगले असू देत, एवढासा टाक तिला दिसू दे. बापाच्या नावानंतर धवलारणीने श्वास घेतला, कोणीतरी तिला पाणी दिले असावे, भांडे ठेवल्याचा आवाज आला. मग तिने भावाचे नाव घेतले आणि त्याला लेकीच्या हळदीला बोलावले.

वैनीने पदर तोंडाला लावला नाही. तिने हातातला तुकडा वाटीत टाकला आणि गोणपाटाची कड आपल्याकडे ओढली.

"ह्या बाजूला अजून हायत," ती म्हणाली.

"पुरे आता. अंधार होईल."

"होऊ दे. तवर निवडू."

आम्ही उजेड होता तोवर निवडत राहिलो.